बर्फाखालचा ट्राउट: जिग, मिनो आणि खोलीचा अंदाज

उजाडायच्या आत तळ्यावर पोचायचं, हे आमचं आधीच ठरलं होतं. बर्फाखालचा ट्राउट मासा दिवसभर थोडाफार खातो, पण दिवस उजाडल्यावरच्या पहिल्या तास-दोन तासांत तो जितका जोमानं खातो, तितका नंतर क्वचितच. म्हणून गिरमिट, स्लेज, तंबू, रॉड असं सगळं सामान रात्रीच बांधून ठेवलं होतं. सोबत एक मित्र होता, बरीच वर्षं बर्फावर मासेमारी करणारा. तळं डोंगरातलं. काठाजवळच्या उथळ भागात रेनबो ट्राउट आणि मधल्या खोल भागात लेक ट्राउट, असे दोन्ही मासे तिथे मिळतात.

काठावर पाय ठेवल्या ठेवल्या मित्रानं पहार हातात घेतली. दोन-चार पावलं चालायचं, समोर बर्फावर जोरानं घाव घालायचा, मग पुढे. माणसाला चालायला किमान १० सेंटीमीटर जाडीचा, स्वच्छ, काचेसारखा पारदर्शक बर्फ हवा. स्नोमोबाइलला, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या एक-दोन माणसांच्या छोट्या गाडीला, साधारण १३ ते १८ सेंटीमीटर लागतो. पांढुरका, बुडबुड्यांनी भरलेला बर्फ स्वच्छ बर्फाच्या जेमतेम निम्मा भार पेलतो, त्यामुळे तिथे हे आकडे दुप्पट धरा. ओढा जिथे तळ्यात येतो, जिथून पाणी बाहेर पडतं आणि जिथे तळातून झरे आहेत, तिथला बर्फ भर थंडीतही पातळ असतो. वर हिम साचलेलं असेल तर त्या दुलईखाली बर्फ सावकाश वाढतो आणि पातळ जागा दिसतही नाही. गळ्यात बर्फात रोवायचे टोकदार खिळे अडकवलेले हवेतच. बर्फ फुटून पाण्यात पडलात, तर ज्या दिशेनं आलात त्याच दिशेला वळा, कारण तिकडच्या बर्फानं तुमचा भार आत्ताच पेललेला असतो. खिळे रोवा, पाय जोरात मारत अंग वर ओढा आणि वर आल्यावर उभं न राहता लोळत लांब जा. थंडी वाढत असताना बर्फातून गडगडाटासारखे आवाज येतात. नवख्या माणसाच्या काळजाचं पाणी होतं, पण बर्फ आकुंचन-प्रसरण पावताना असे आवाज येतातच.

आता मुख्य गोष्ट. बर्फावर येणारा जवळजवळ प्रत्येक जण आमिष थेट तळाला सोडतो आणि तिथेच हलवत बसतो. लेक ट्राउटसाठी ते बऱ्याचदा चालतं, रेनबोसाठी नाही. पाणी ४ अंश सेल्सिअसला सगळ्यात जड असतं, म्हणून हिवाळ्यात तळाशी पाणी त्या तापमानाच्या आसपास राहतं आणि बर्फाला लागून शून्याजवळचं. एवढ्यावरून मासे उबेला तळाशी बसलेले असतील असं वाटतं. पण ट्राउट थंड पाण्याचाच मासा, त्याला गारठ्याचं काही वाटत नाही. त्याला हवा असतो प्राणवायू आणि खाणं. बर्फानं तळं झाकलं गेलं की हवेतून प्राणवायू मिळणं थांबतं, वरच्या हिमामुळे उजेड अडतो, पाणवनस्पती मंदावतात आणि तळाशी कुजणारा गाळ उरलासुरला प्राणवायू खात राहतो. हिवाळा जसजसा सरतो तसतसं तळालगतचं पाणी निकस होत जातं. म्हणून रेनबो काठाच्या उतारावर, दोन-तीन मीटर पाण्यात, कित्येकदा बर्फाच्या हातभर खालून फिरत असतात.

आम्ही काठापासून खोलाकडे जाणाऱ्या एका रेषेत भोकं पाडून घेतली. सगळी एकदम, सुरुवातीलाच. मासे आल्यावर गिरमिटाचा आवाज करण्यात अर्थ नाही, उथळ पाण्यात तर नाहीच. झाऱ्यानं बर्फाचा चुरा काढला, पण एका भोकात थोडा राहू दिला, म्हणजे वरून उजेडाचा झोत पाण्यात पडत नाही. रेनबोसाठी दोन ग्रॅमच्या आसपासची टंगस्टनची जिग, म्हणजे धातूचं वजन जोडलेला गळ, घेतली. शिशापेक्षा टंगस्टन जड, त्यामुळे तेवढ्याच वजनाला जिग लहान होते आणि झटकन खाली जाते. तिच्यावर चार-पाच सेंटीमीटरचा मेलेला मिनो, म्हणजे आमिषाचा छोटा मासा, गळ तोंडातून घालून डोक्यातून वर काढलेला. मासे नुसते हुंगून जात असतील तर मिनोचं फक्त डोकं लावा, बऱ्याचदा तेवढ्यानं काम होतं. दोरा बारीक, चार ते सहा पौंड ताण सोसणारा, फ्लुरोकार्बन या प्लास्टिकचा. विणलेला दोरा पाणी शोषतो आणि गोठून ताठ होतो, या थंडीत तो नकोच.

दीडेक मीटर पाण्यावरच्या भोकाशी मी पालथा झोपलो आणि डोक्यावर जाड कापड ओढून घेतलं. बाहेरचा उजेड बंद झाला की खालचं सगळं लख्ख दिसतं: गाळ, वाळक्या पाणवनस्पती, अर्ध्यावर लोंबकळणारी जिग. थोड्या वेळानं डावीकडून एक रेनबो आला. मिनोपासून वीतभर अंतरावर थांबला, कल्ले हलत होते, पुढे काही येईना. मी जिग थरथरवत होतो, तो आणखी मागे सरकला. मग हात पूर्ण थांबवला आणि जिग अगदी सावकाश बोटभर वर घेतली. मासा तिच्यामागे वर आला, तोंड उघडलं आणि मिनो आत गेला. दोऱ्याला धक्का जाणवलाच नाही, नुसता ताण सैल झाला. डोळ्यांनी दिसत नसतं तर हा घास मला कळलाही नसता. तेव्हापासून मी रॉडच्या शेंड्याला लवचिक तार लावतो आणि ती खाली वाकण्याइतकंच वर उचलली जाण्याकडेही लक्ष ठेवतो. आमिष माशाच्या वर हवं. ट्राउट वर बघतो आणि वर येऊन खातो, खाली वाकून क्वचितच.

मासा लागला की रीलचा ब्रेक सैल ठेवा. रेनबो बर्फाखालून आडवा पळतो आणि भोकाच्या खालच्या धारदार कडेवर दोरा घासून तुटतो. तसा पळाला तर रॉडचा शेंडा सरळ पाण्यात बुडवायचा.

दुपारी खोल भागात गेलो, वीसेक मीटर पाणी. तिथे पंधरा ग्रॅमची ट्यूब जिग (मऊ, पोकळ नळीत बसवलेली जिग), तीही मिनोचा तुकडा लावून. ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे पडद्यावर दाखवणारं ध्वनियंत्र असेल तर इथे त्याचा खरा उपयोग. पडद्यावर मासा जिगकडे येताना दिसला की जिग थांबवू नका, सतत वर घेत राहा. लेक ट्राउट पाठलाग करणारा मासा आहे, पळणारं भक्ष्य त्याला सोडवत नाही. वर ओढताना भोकात आधी बुडबुडे येतात आणि मागून मासा. हा मासा पोटातली हवा तोंडावाटे सोडू शकतो, फक्त त्याला सावकाश वर आणायला हवं. परत सोडायचा असेल तर पाण्याबाहेर काढूच नका. कडाक्याच्या हवेत कल्ले आणि डोळे बघता बघता गोठतात.

मिनोबद्दल आग्रहानं सांगतो. जिवंत मिनो वापरायला अनेक ट्राउट-तळ्यांवर बंदी असते, तेव्हा निघण्यापूर्वी त्या तळ्याचे नियम वाचा. किती भोकं, किती दोरे चालतात हेही त्यातच कळेल. बंदी नसली तरी एका पाण्यातले मासे दुसऱ्या पाण्यात नेऊ नका. उत्तर अमेरिकेच्या ग्रेट लेक्समध्ये २००५ साली व्हीएचएस हा माशांना मारणारा विषाणू सापडला आणि त्यानंतर तिथल्या आमिषाच्या माशांच्या वाहतुकीवर कडक निर्बंध आले. खारवलेले किंवा गोठवलेले मिनोही ट्राउट आवडीनं खातो, मात्र काही ठिकाणी त्यांवरही नियम आहेत.

तंबूत शेगडी लावणार असाल तर वरची आणि खालची अशा दोन्ही झडपा उघड्या ठेवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. निघताना भोकांवर हिम लोटून शेजारी फांदी रोवा. रात्रीतून भोकावर पातळ पापुद्रा धरतो आणि मागून येणाऱ्याला तो दिसत नाही.

जायचं केव्हा, तर बर्फ नुकताच पक्का झाल्यावरचे पहिले आठवडे सगळ्यात चांगले. शेवटचे आठवडेही चांगले, मासे काठाशी येतात, पण तेव्हाचा बर्फ आतून सुटलेला असतो. उभ्या कांड्यांचा, राखाडी. तो हातभर जाड असला तरी जाडीवर विसंबू नका. पहार एका घावात आत गेली तर तिथूनच परत फिरा.