पट्टा हाडावर बसायला हवा

सहा वर्षांच्या मुलीच्या पोटावर, बेंबीच्या जरा खाली, एक आडवी लाल-निळी रेघ उमटली होती. बाकी अंगावर साधं खरचटलेलंसुद्धा नव्हतं. ती शुद्धीवर होती, स्वतःचं नाव, शाळेचं नाव नीट सांगत होती, पाणी मागत होती. कॅज्युअल्टीतल्या ज्युनिअर डॉक्टरनं मला फोनवर "पेशंट स्टेबल आहे" म्हणून सांगितलं आणि ते खरंही होतं. पण त्या रेघेचं वर्णन ऐकल्यावर मी म्हटलं, "तिला पाण्याचा घोटही देऊ नका, मी निघालेच."

मी इंदूरमध्ये लहान मुलांची सर्जन आहे. अशा रेघेला आमच्याकडे 'सीटबेल्ट साइन' म्हणतात. गाडीच्या धडकेनंतर ज्या मुलाच्या पोटावर ही खूण दिसते, ते मूल कितीही हसत-बोलत असलं तरी त्याला घरी पाठवायचं नसतं. वरून जेवढं दिसतं त्यापेक्षा आत बरंच काही घडलेलं असू शकतं, आणि ते कळायला काही तास जावे लागतात.

सुदामानगरातलं मराठी कुटुंब. डिसेंबरातल्या रविवारी महेश्वरला गेलं होतं. घाटावर नर्मदेचं दर्शन, अहिल्याबाईंचा वाडा, मुलांना नावेत फिरवणं, आणि उजेड असतानाच परतीचा प्रवास. मानपूरचा घाट चढून महूच्या अलीकडे येईस्तोवर अंधार पडला. पुढे उसाची ट्रॉली चालली होती, मागे दिवा नाही की लाल रिफ्लेक्टर नाही. वडिलांनी ब्रेक दाबला, पण गाडी धडकायची ती धडकलीच. त्यांच्या अंदाजानं तेव्हा वेग पन्नासच्या आसपास असावा.

गाडीत पाच जण. वडील चालवत होते, शेजारी आबा. मागे एका दाराशी सव्वा वर्षाचा धाकटा त्याच्या बेबी सीटमध्ये, मध्ये आई, दुसऱ्या दाराशी थोरली, म्हणजे तीच सहा वर्षांची मुलगी. एकाच गाडीतली, एकाच धडकेतली ही पाच माणसं माझ्यासमोर होती आणि प्रत्येकाच्या अंगावरची खूण वेगळी होती. इतक्या वर्षांच्या कामात मला हा विषय इतका लख्ख कधी दिसला नव्हता, म्हणून लिहिते आहे.

वडिलांना आणि आबांना पट्टे लावलेले होते. दोघांच्या खांद्यापासून छातीवर तिरपा वळ, दुखणं भरपूर, पण मोडलं काही नाही. आईनं पट्टा लावला नव्हता. मध्ये बसलेल्या माणसाला कोण पट्टा लावतो, असं तिनंच मला नंतर सांगितलं. ती दोन सीटांच्या मधून पुढे फेकली गेली, तिचं कॉलरबोन मोडलं आणि तिच्या धक्क्यानं वडिलांच्या खांद्याला मागून मार बसला. मागच्या माणसानं पट्टा लावला नाही तर तो स्वतःबरोबर पुढच्यालाही धोक्यात घालतो. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री गाडीच्या अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा नव्हता. त्या आठवड्यात सगळा देश मागच्या पट्ट्याबद्दल बोलत होता. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणांनी तेव्हा लावायला सुरुवात केली आणि दिवाळीपर्यंत सोडून दिलं. मला याचं अजून वाईट वाटतं.

धाकट्याला काहीच झालं नव्हतं. त्याची सीट मागे तोंड करून बसवलेली होती, म्हणजे बाळाची पाठ गाडी जाते त्या दिशेला. थंडी होती तरी आईनं त्याचं जाड जॅकेट काढून मगच पट्टे आवळले होते आणि जॅकेट वरून पांघरलं होतं. हे तिला पुण्याच्या नणंदेनं शिकवलं होतं, सीटही तिनंच दिली होती. जॅकेटच्या फुगीरपणामुळे पट्टा घट्ट वाटतो, पण धडकेत तो फुगवटा चेपतो आणि बाळ पट्ट्यातून निसटू शकतं. कॉलरबोनपाशी पट्ट्याला चिमटीत धरून बघायचं. घडी चिमटीत आली तर पट्टा अजून ढिला आहे.

आजी घरीच थांबल्या होत्या, त्या रात्री नऊच्या सुमारास आल्या. धाकट्याला उचलून घेतलं आणि रडायलाच लागल्या. सकाळी निघताना त्यांनीच म्हटलं होतं, "एवढंसं लेकरू बांधून काय ठेवता, मांडीवर घे की." सून ऐकली नाही म्हणून त्या दिवसभर रुसल्या होत्या. मी त्यांना बसवून हिशोब सांगितला. बाळ दहा किलोचं. गाडी पन्नासच्या वेगात असताना सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर त्या क्षणी बाळाला धरून ठेवायला एकशे चाळीस किलो पेलण्याची ताकद लागते. कुठल्याही आईच्या हातात ती नसते. माया कमी पडली असं त्यात काही नाही.

मागे तोंड का, हेही त्यांनी विचारलं, आणि मला फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं डोकं त्याच्या उंचीच्या जवळजवळ पाव असतं, वर्ष-दीड वर्षातही ते शरीराच्या मानानं जडच राहतं आणि मान कोवळी असते. पुढे तोंड असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि डोकं पुढे झेपावतं, सगळा ताण मानेवर. मागे तोंड असेल तर डोकं, मान, पाठ सगळं एकदम सीटच्या पाठीत दाबलं जातं, जोर पसरतो. स्वीडनमधले डॉक्टर बर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या पाठीवर रेलून बसण्याच्या पद्धतीवरून ही कल्पना घेतली. मात्र अशी सीट समोर एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही लावायची नाही. उघडणारी एअरबॅग सीटच्या पाठीवर म्हणजे थेट बाळाच्या डोक्यामागेच आदळते.

आता थोरलीकडे येते.

सोनोग्राफीत पोटात थोडं पाणी दिसलं. सीटी स्कॅनमध्ये यकृत, प्लीहा, मूत्रपिंडं सगळं शाबूत. पाठीचा कणा मी मुद्दाम दोनदा पाहिला, कारण या खुणेबरोबर कमरेचा मणका आडवा फाटल्यासारखा मोडलेला असू शकतो. तो शाबूत होता. पण पाणी आहे आणि ते कुठून आलं हे सांगणारा एकही अवयव फुटलेला नाही, याचा अर्थ आतड्यावर संशय. आतड्याचं लहानसं भोक पहिल्या सीटीत दिसेलच असं नसतं. मग एकच उपाय उरतो, पुन्हा पुन्हा हात लावून पोट तपासणं. मी रात्री घरी गेले नाही.

दहा वाजता पोट मऊ होतं. बारा वाजता तिनं उलटी केली. नाडी वाढत होती. पहाटे तीनला अंग तापलं आणि मी हात ठेवला तर पोट लाकडासारखं कडक. तिला घेऊन आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये गेलो. लहान आतड्याच्या वरच्या भागात भोक पडलं होतं आणि शेजारी आतड्याला रक्त पुरवणारा पडदा फाटला होता. तेवढा तुकडा काढून टोकं जोडली, पोट धुऊन घेतलं. सकाळी सातला ती वॉर्डात होती.

बाहेर आबा उभे होते. ऐंशीच्या घरातले, शिस्तीचे गृहस्थ. माझं सगळं ऐकून घेतलं आणि मुलाकडे वळून म्हणाले, "पट्ट्यानंच घात केला पोरीचा. उद्यापासून मुलांना पट्टा लावायचा नाही." मग माझ्याकडे बघून, जरा नरमाईनं, "डॉक्टरबाई, तुम्हीच सांगा, पट्टा नसता तर आतडं फुटलं असतं का?"

त्यांचा राग मला समजत होता. डोळ्यांसमोर पुरावा होता. मी म्हटलं, "आबा, शर्टाची वरची दोन बटणं काढा." ते गोंधळले, पण काढली. खांद्यापासून खाली तिरपा जांभळा वळ, कॉलरबोनच्या मधोमध, मग छातीच्या मधल्या हाडावरून. "आता पँटच्या पट्ट्यापाशी कुठं दुखतंय ते बोटानं दाखवा." त्यांनी दोन्ही बाजूंना कमरेची हाडं दाखवली. म्हटलं, "तुमचा पट्टा हाडांवर बसला. हाडं तो जोर सोसतात, दुखतं पण निभावतं. तिचा पट्टा पोटावर बसला, तिथं हाड नाही. पट्टा पुढून आणि पाठीचा कणा मागून, मध्ये आतडं चिरडलं. आणि पट्टा मुळीच नसता, तर ती पुढच्या सीटवर किंवा काचेतून बाहेर गेली असती. मग कदाचित माझ्यापर्यंत पोचलीही नसती."

नील्स बोहलिन यांनी १९५९ साली व्होल्वोसाठी तीन ठिकाणी बांधला जाणारा हा पट्टा आणला, आणि कंपनीनं तो इतरांनाही वापरायला मोकळा ठेवला. त्यानं किती जीव वाचवले असतील. पण गाडीतला तो पट्टा मोठ्या माणसाच्या मापाचा असतो. सहा वर्षांच्या मुलीच्या मांड्या सीटच्या खोलीपेक्षा आखूड असतात. पाठ टेकून बसलं तर गुडघे दुमडत नाहीत, पाय सरळ पुढे राहतात, म्हणून ती कंबर पुढे सरकवून ऐसपैस बसते. असं बसलं की खालचा पट्टा मांडीवरून पोटावर चढतो. मोठ्यांच्या कमरेच्या हाडांना पुढे जे उंचवटे असतात, ज्यांत पट्टा अडकून राहतो, ते या वयात पुरते तयार झालेले नसतात. वरचा पट्टा गळ्याला घासतो, म्हणून मुलं तो काखेखालून किंवा पाठीमागून घेतात. हिनंही पाठीमागे टाकला होता. वडिलांना ते माहीत होतं, "तिला टोचतो म्हणून" त्यांनी काही म्हटलं नव्हतं. धडकेत तिचं सगळं शरीर त्या एका आडव्या पट्टीवर घडी पडल्यासारखं दुमडलं.

मला सर्वांत जास्त टोचतं ते हे, की थोरलीच्या बाबतीत कायद्यानं या कुटुंबाचं काहीच चुकलं नव्हतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचं कलम १९४-ब सांगतं, चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बाल-सीट, दोन्हींपैकी काहीतरी हवं, नाहीतर हजार रुपये दंड. थोरलीला पट्टा होता. माझ्या मते ही सूट लहान मुलांसाठी राहायला नको. पट्टा बसण्याइतकी उंची होईपर्यंत सीट सक्तीची हवी.

तिच्यासाठी हवं होतं ते बूस्टर. तिला थोडं उंच बसवणारं, पाठ असलेलं, पट्ट्याला वाट दाखवणाऱ्या खाचा असलेलं आसन. त्यात काही जादू नाही. मूल वर उचललं जातं, गुडघे सीटच्या कडेला दुमडतात, खालचा पट्टा मांडीच्या वरच्या टोकाशी हाडांवर बसतो, वरचा गळा सोडून खांद्याच्या मधोमध येतो. काही हजारांत मिळतं. आपल्या घरांत बाळाचं बारसं, पाळणा, सोन्याची बिंदली यांवर याहून कितीतरी खर्च होतो. मी डॉक्टर म्हणून म्हणते, बाळ दवाखान्यातून घरी न्यायच्या आधी गाडीत सीट हवी, पाळणा नंतर आला तरी चालेल.

वय बघू नका, उंची बघा. साधारण एकशे पंचेचाळीस ते दीडशे सेंटिमीटर होईपर्यंत मोठ्यांचा पट्टा मुलाला नीट बसत नाही. म्हणजे पाचवी-सहावीतल्या पुष्कळ मुलांनाही बूस्टर लागतं, आणि त्यांना त्याची लाज वाटते हे मला माहीत आहे. पाठ टेकून बसवा, गुडघे कडेला दुमडतात का पाहा, पट्टा मांडीवर आणि खांद्यावर आहे का पाहा, आणि मूल पूर्ण प्रवासभर तसंच बसू शकतं का ते बघा. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण झोप लागली की मुलं घसरतात.

वडिलांनी यातलं एकेक लिहून घेतलं. आईचा हात झोळीत होता, तिनं एकच विचारलं, "धाकट्याची सीट तर शाबूत आहे, ती दुसऱ्या गाडीत लावू ना?" नाही म्हणून सांगितलं. एवढ्या धडकेत सीटच्या कवचाला डोळ्यांना न दिसणारी चीर गेलेली असू शकते, पट्टे ताणले गेलेले असतात. ती टाकून द्यायची. त्याच कारणानं कुणाची वापरलेली सीट घेताना तिचा इतिहास माहीत असल्याखेरीज घ्यायची नाही. धडकेतल्या गाडीचे पट्टेही गॅरेजमध्ये तपासून बदलायला सांगितलं.

आठवड्याभरात थोरली पोहे खायला लागली. घरी जायच्या दिवशी त्यांनी भाच्याची गाडी आणली होती, मागे दोन नव्या सीटा. दुपारची ओपीडी सुरू व्हायला वेळ होता, म्हणून मी खाली पोर्चमध्ये गेले. थोरलीला बूस्टरमध्ये बसवलं. खालचा पट्टा टाक्यांच्या बराच खाली, दोन्ही बाजूंच्या हाडांवर आला. "दुखतंय का गं?" विचारलं तर मान हलवून नाही म्हणाली आणि खांद्यावरचा पट्टा मागे टाकायला हात नेला. आईनं तो हात धरला. धाकट्याची सीट हलवून पाहिली, ती जागची बोटभरही सरकली नाही.

आबा पुढे बसले होते. छाती अजून दुखत होती म्हणून त्यांनी पट्ट्याखाली टॉवेलची जाड घडी घातली होती. मी खिडकीशी वाकून म्हटलं, "आबा, ही घडी काढा. हिच्यामुळे पट्टा अंगापासून सुटतो." त्यांनी टॉवेल काढून मांडीवर ठेवला, पट्टा ओढून बसता केला, आणि मागे वळून विचारलं, "सूनबाई, तुमचा लावला का?"