लोखंडवाला, सर्कलजवळ

मी मूळचा बार्शीचा. मुंबईत एका खासगी ॲम्ब्युलन्स सेवेत फोन घ्यायला बसलो, तेव्हा उपनगरं मला फक्त लोकलच्या नकाशावरून माहीत होती. फोनवर मात्र कुणी पूर्ण नाव घेतच नाही. जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड म्हणजे 'जेव्हीएलआर', लाल बहादूर शास्त्री मार्ग नुसता 'एलबीएस'. व्हीटी स्टेशनचं नाव १९९६ मध्येच बदललं, पण लोकांच्या तोंडी अजून व्हीटीच. कसाऱ्याची लोकल 'एन', कर्जतची 'एस'. का, ते विचारायचं नाही. हे सगळं वहीच्या मागच्या पानावर उतरवलं आणि पंधरा दिवसांत मी स्वतःला मुंबईकर समजू लागलो.

त्या रात्री पावणेअकराला एका बाईंचा फोन आला.

"बाबा बाथरूममध्ये पडलेत, उठवत नाहीये त्यांना. लोखंडवालाला पाठवा, सर्कलजवळ."

मागे कुणीतरी कण्हत होतं. बिल्डिंगचं नाव, मजला, लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावेल का, सगळं विचारलं. अंधेरीची गाडी मोकळीच होती, लगेच सोडली. मनातल्या मनात पाठही थोपटून घेतली.

वीस मिनिटांनी ड्रायव्हर म्हणाला, "साहेब, या नावाची बिल्डिंगच नाही इथे. दोन वॉचमनना विचारलं." तेवढ्यात दुसऱ्या लाइनवर त्याच बाई. "अहो, कुठाय गाडी? मी खाली आकुर्ली रोडवर येऊन उभी आहे."

शेजारच्या खुर्चीतल्या काकांनी कपाळावर हात मारला. "अरे, ती कांदिवली ईस्टची लोखंडवाला!"

अंधेरी वेस्टच्या लोखंडवालाचा पिनकोड ४०००५३, कांदिवलीच्या लोखंडवालाचा ४००१०१. मधे गोरेगाव, मालाड. सर्कल दोन्हीकडे. काकांनीच बोरिवलीची गाडी वळवली. आजोबांचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि माझ्यामुळे ते जवळजवळ पाऊण तास फरशीवर पडून होते.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला फोन केला. मला शिव्यांची अपेक्षा होती, आणि त्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाई एवढंच म्हणाल्या, "आम्ही इतकी वर्षं इथे राहतोय. आमच्यासाठी लोखंडवाला एकच."

वहीत आता 'एमआयडीसी'पुढे अंधेरी, डोंबिवली, तळोजा असं लिहिलंय, आणि यादी वाढतेच आहे. हल्ली मी आधी पिनकोड विचारतो. लोक वैतागतात. "लोखंडवाला माहीत नाही? मुंबईत नवीन आहात का?"

"हो," म्हणतो, आणि पुन्हा पिनकोड विचारतो.