खात्यातून आलेली बाय

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावर मी कामासाठी पहिल्यांदा गेले, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच त्या घरातल्या काकींनी आतून एक प्लास्टिकची पिशवी आणून माझ्यापुढे ठेवली. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, घरपट्टीच्या पावत्या आणि पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला, असे सगळे तिच्यात ओळीने लावलेले होते. मी यातले काहीही मागितले नव्हते. पण माझ्या गळ्यात ओळखपत्र होते, हातात वही होती आणि घर दाखवायला पंचायतीतला माणूस बरोबर आला होता. तेवढे त्यांना पुरेसे होते. ऑनलाइन अर्ज करताना त्यांना कुठे अडले हे विचारायला मी गेले होते आणि त्यांची समजूत अशी झाली होती की खात्यातून कोणीतरी तपासणीला आले आहे. पाऊण तास मी प्रश्न विचारत राहिले आणि पाऊण तास मला "सगळें बरें आसा, बाय" हेच उत्तर मिळत राहिले. त्या दिवशी अशी सहा घरे झाली. वाळपईहून परतताना कदंबच्या बसमध्ये वही उघडली, तेव्हा नऊ पाने भरलेली दिसली आणि त्यांत उपयोगाची एकही ओळ सापडली नाही.

शासनाच्या ऑनलाइन सेवा लोकांना प्रत्यक्षात कशा वापरता येतात आणि कुठे वापरता येत नाहीत, हे लोकांमध्ये जाऊन पाहायचे आणि त्या सेवा बांधणाऱ्यांना सांगायचे, असे माझे काम आहे. या कामाला युजर रिसर्च म्हणतात. 'वापरकर्ता संशोधन' हा शब्द कागदावर दिसतो, पण तो कोणाच्या तोंडून मी अजून ऐकलेला नाही. माझी आई शेजारणींना "ती सर्व्हेला जाते" एवढेच सांगते आणि तिला दुरुस्त करणे मी सोडून दिले आहे. फरक मात्र मोठा आहे. किती लोकांना अडचण आली हे सर्व्हे मोजतो. अडचण नेमकी कोणत्या शब्दापाशी, कोणत्या चौकटीपाशी आणि का येते, ते शोधण्यासाठी आम्ही एकेका माणसाजवळ तासतासभर बसतो.

समाजशास्त्रात एम. ए. करून मी एका खात्याचे अर्ज ऑनलाइन करणाऱ्या कंत्राटी चमूत लागले. आमच्याकडे या कामाचे शिक्षण कोणी दिलेले नव्हते, म्हणून जे मिळेल ते वाचले आणि त्यातले बरेचसे ब्रिटनचे होते. तिथे २०११ साली गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिस स्थापन झाली आणि २०१२ साली तिने आपली रचनेची तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांतले पहिले तत्त्व गरजांपासून सुरुवात करा असे सांगते आणि त्याला जोडूनच स्पष्ट करते की या गरजा वापरणाऱ्याच्या, सरकारच्या नव्हेत. ते वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. अजूनही ते मला पटते. मात्र ज्याला सरकारची गरज आहे तो माणूस सरकारकडून आलेल्या बाईला आपली गरज सांगेल का, हा प्रश्न मला सत्तरीतल्या त्या ओसरीवर बसेपर्यंत पडलाच नव्हता.

एखाद्या खासगी कंपनीचे ॲप गैरसोयीचे वाटले तर माणूस ते काढून टाकतो आणि विचारणाऱ्याला तोंडावर सांगतो. वास्तव्याचा दाखला मात्र मामलेदाराच्या कार्यालयातूनच मिळतो, दुसरे दुकान नाही. गृह आधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये आणि दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे ज्येष्ठांना मिळणारे २००० रुपये ज्या घरात येतात, तिथे त्या पैशांची जागा ठरलेली असते: गॅस, औषध, सोसायटीचा हप्ता. अपात्र लाभार्थींची नावे वगळल्याच्या बातम्या त्याच घरातली माणसे वर्तमानपत्रात वाचत असतात. अशा घरात जाऊन "अर्ज तुम्ही स्वतः भरलात की कोणी भरून दिला?" असे मी विचारते, तेव्हा माझ्या मनात तो साधा प्रश्न असतो, पण समोरच्याला तो उलटतपासणीसारखा ऐकू येतो. कोणी भरून दिला म्हणावे तर गैर ठरेल का, स्वतः भरला म्हणावे तर करून दाखवायला सांगतील का, असा विचार त्या दोन क्षणांत होतो आणि मग "सगळें बरें आसा" येते. त्याला खोटे म्हणणे अन्यायाचे होईल. तो शहाणपणा आहे आणि पिढ्यान्पिढ्या सरकारी टेबलांपुढे उभे राहून आलेला आहे.

म्हणून मी काही गोष्टी बदलल्या. ओळखपत्र पिशवीत ठेवायला लागले आणि कोणी विचारले तरच दाखवायला लागले. पंच किंवा पंचायतीचा कर्मचारी बरोबर नेणे बंद केले, कारण ज्याच्या सहीवर घरातली चार कामे अडतात त्याच्यासमोर कोणीही तक्रार करत नाही. संमतिपत्राचा कागद मात्र टाळता येत नाही आणि टाळूही नये. फक्त सुरुवातीला आमचा कागद इंग्रजीत होता आणि लोक तो न वाचता सही करत, कारण सरकारी कागदावर सही करायचीच असते अशी त्यांची समजूत. आता मी तो मोठ्याने कोकणीत सांगते आणि त्यातले "नाही म्हटले तरी तुमच्या योजनेला काही होणार नाही" हे वाक्य दोनदा सांगते. ज्या दिवशी एका आजोबांनी ते ऐकून शांतपणे "मग नको" म्हटले, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की कागद समजला.

सगळ्यात मोठा बदल जागेचा होता. घरी जाण्याऐवजी मी बाजारातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात बसू लागले. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, लॅमिनेशन आणि ऑनलाइन अर्ज अशी चार कामे करणारे ते दुकान. मालक तिशीचा, त्याने मला कोपऱ्यातले स्टूल दिले आणि अट एकच घातली, की गिऱ्हाइकाला मध्येच प्रश्न विचारायचे नाहीत. ती अट मला कोणत्याही वाचनापेक्षा जास्त उपयोगी पडली. आमच्या आराखड्यात 'अर्जदार' नावाचा एक माणूस होता, जो स्वतःच्या फोनवर स्वतःचा अर्ज भरतो. दुकानात तो मला क्वचितच दिसला. तिथे अर्जदार बाकावर बसलेली असे, माऊस मालकाच्या हातात असे आणि आधारशी जोडलेला मोबाईल वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर गेलेल्या मुलाकडे असे. ओटीपी त्या मुलाच्या फोनवर जाई, फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये असे आणि दहा मिनिटांत ओटीपीची मुदत संपे. मग ती बाई संध्याकाळी परत येई, किंवा मालक संपर्काच्या चौकटीत स्वतःचा नंबर आणि स्वतःचा ई-मेल टाकून अर्ज पुढे ढकले. त्यामुळे 'कागद अपुरा आहे' असा संदेश पुढे पंधरा दिवसांनी आला तर तो मालकाच्या फोनवर येई, शेकडो संदेशांत हरवे आणि घरी बसलेल्या बाईला वाटत राही की खात्याने आपला अर्ज दाबून ठेवला आहे. आमच्या कार्यालयात याला 'वापरकर्त्याची चूक' असे नाव होते.

भाषेचेही असेच. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी ही राजभाषा आहे आणि शासकीय कामासाठी मराठीही वापरता येते, पण दुकानातला पडदा बहुधा इंग्रजीच असतो आणि मालक तो मनातल्या मनात कोकणीत करून विचारतो. आमच्या चमूने मराठी भाषांतर केले तेव्हा मी खूश होते. मग एका बागायतदाराला "वार्षिक उत्पन्न किती?" असे विचारले गेले आणि त्याने काजू किती क्विंटल आणि सुपारी किती, ते सांगितले. चूक त्याची नव्हती. बागायतीतून जे निघते त्यालाच तो जन्मभर उत्पन्न म्हणत आला होता.

पण खरे सांगायचे ते एका ड्रॉपडाउनबद्दल. अर्जात एक चौकट होती: 'घर: मालकीचे / भाड्याचे'. दोनच पर्याय. दुकानात एक साठीच्या बाई त्या चौकटीपाशी थांबल्या आणि मालकाला म्हणाल्या, आज राहू दे, नवऱ्याला विचारून येते. त्या उठून जाताना मी अट मोडली नाही, पण त्यांच्यामागून बाहेर गेले आणि बस येईपर्यंत शेडमध्ये त्यांच्या शेजारी बसले. त्या मुंडकार होत्या. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत, त्याच्या संमतीने, पिढ्यान्पिढ्या घर करून राहणाऱ्याला आमच्याकडे मुंडकार म्हणतात आणि १९७५ च्या कायद्याने त्याला बेदखलीपासून संरक्षण आहे आणि ते घर विकत घेण्याचा हक्कही आहे. घरपट्टी त्यांच्या नवऱ्याच्या नावाने येत होती, घर त्यांच्या सासऱ्याने बांधले होते, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर मात्र नाव भाटकाराचे होते. 'मालकीचे' म्हटले तर उतारा मागणार, तो कुठून आणायचा? आणि 'भाड्याचे' म्हटले तर? भाटकाराला घराचे भाडे देणारा माणूस कायद्याच्या व्याख्येत मुंडकार ठरतच नाही. त्यांची मामलेदाराकडे केस चालू होती आणि वकिलाने त्यांना बजावले होते की 'भाडे' हा शब्द कोणत्याही कागदावर येऊ द्यायचा नाही. आमच्या अर्जाचा त्या केसशी काहीही संबंध नव्हता. पण सरकारने विचारले आणि आपण लिहून दिले, म्हणजे ते कुठेतरी राहणार, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

आपण दोन शब्दांची एक चौकट बनवतो आणि ती एका घराच्या पन्नास वर्षांच्या भांडणात जाऊन पडते, हे मला त्या शेडमध्ये कळले. त्या बाईंना मी ओसरीवर वही घेऊन भेटले असते, तर त्यांनीही मला सगळे बरे आहे असेच सांगितले असते, याबद्दल मला शंका नाही.

पुढची बैठक मला अजून आठवते. मी हे सगळे मांडले, तेव्हा पहिला प्रश्न आला: "किती लोकांशी बोललात?" मी म्हटले, चौदा. खोलीत एक प्रकारची शांतता पसरली. पडद्यावरचे बहुतेक दोष पाचेक माणसांबरोबर चाचणी घेतली तरी उघडे पडतात, हा या क्षेत्रातला जुना युक्तिवाद मला पाठ होता आणि मी तो म्हणूनही दाखवला. पण तो चाचणीबद्दलचा आहे, मुंडकारांबद्दलचा नाही, हे माझे मलाच जाणवत होते. कोणी हलले नाही. हलले ते दुसऱ्याच गोष्टीने: मी त्या खात्यातल्या एका अधिकाऱ्यांना दुकानात दोन तास बसायला यायची विनंती केली आणि ते खरोखर आले. स्टुलावर बसून त्यांनी चार अर्ज पाहिले, मालकाचा ई-मेल चारही अर्जांत जाताना पाहिला आणि चहा घेताना मला म्हणाले, "मॅडम, हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते." कार्यालयात मी हे दोनदा सांगितले होते, पण मी गप्प राहिले.

त्यांची बाजूही त्या चहावरच कळली आणि ती मला आधीच विचारायला हवी होती. घर मालकीचे की भाड्याचे हे लोकांना छळण्यासाठी विचारलेले नव्हते. पुढे कोणता पुरावा मागायचा ते त्यावरून ठरत होते, एकाला उतारा आणि दुसऱ्याला भाडेकरार. प्रत्येक मंजूर अर्जामागे एक पुरावा असावा लागतो, कारण लेखापरीक्षणात उत्तर त्यांना द्यायचे असते. नव्याने या कामात आलेल्या माणसाला अर्जदाराची बाजू घेणे सोपे जाते. टेबलापलीकडच्या माणसालाही काहीतरी सांभाळायचे असते, हे मी उशिरा शिकले आणि तेवढा वेळ माझे अहवाल आरोपपत्रांसारखे वाचले जात होते. मी ते आता पुन्हा काढून वाचले. आरोपपत्रेच होती.

चार महिन्यांनी अर्जाची नवी आवृत्ती आली. संपर्काच्या चौकटीखाली 'हा नंबर अर्जदाराचा आहे की भरून देणाऱ्याचा?' असा प्रश्न आला आणि दोन्ही नंबर देण्याची सोय झाली. 'उत्पन्न' हा शब्द जाऊन 'सगळ्या मार्गांनी घरात येणारे वर्षाचे पैसे' असे सरळ वाक्य आले, ज्यावर भाषांतर करणारे गृहस्थ माझ्यावर अजून नाराज आहेत. घराच्या चौकटीत 'मुंडकार' हा तिसरा पर्याय मी मागितला होता. तो शब्द वादाचा आहे, त्याला पुरावा काय घ्यायचा ते ठरवावे लागेल, असे म्हणत तो टळला आणि त्याच्या जागी 'इतर' आला.

गेल्या मंगळवारी मी दुकानात गेले, तेव्हा मालक भराभर अर्ज भरत होता आणि घराच्या चौकटीत प्रत्येकाला, मालकीचे घर असलेल्यांनासुद्धा, 'इतर' लावत होता. मी विचारले, असे का? तो म्हणाला, "इतर टाकले की उतारा मागत नाही, मॅडम. काम लवकर होते." मी वही काढली आणि तारीख घातली.