कार्लाइलचा अर्धा टेंडर

वाफेच्या इंजिनाची आमची परतीची विशेष गाडी सुटायला थोडाच वेळ उरला होता आणि इंग्लंडमधील कार्लाइलच्या यार्डात पाण्याचा टँकर आलेला नव्हता. सकाळी शॅपचा १:७५चा (७५ फुटांमागे एक फूट) चढ चढून आल्यावर टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, फारसे पाणी शिल्लक नव्हते; आगीच्या बंबासाठी असलेल्या नळाला होज जोडून आम्ही पाणी भरत होतो, पण त्याची धार इतकी बारीक की पातळी दाखवणारे गेज कसेबसे अर्ध्यावर आले. गाड्यांची वाहतूक सांभाळणाऱ्या कंट्रोलचा फोन आला : "कोळसा भरपूर आहे ना? मग निघा."

वाफेच्या इंजिनांच्या विशेष गाड्या चालवणाऱ्यांनीही टेंडरला कोळशाचा डबा समजावे, याचा मला राग येतो. आमचा टेंडर एलएमएस या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीचा, तिचे मुख्य इंजिनियर स्टॅनियर यांच्या आराखड्याचा. त्यात ९ टन कोळसा आणि ४००० गॅलन, म्हणजे सुमारे १८,००० लिटर पाणी मावते. ब्रिटिश गॅलन १० पौंडांचा असल्यामुळे पाण्याचेच वजन जवळजवळ १८ टन भरते. भारी गाडीला मैलामागे ४०-४५ गॅलन पाणी आणि पन्नासेक पौंड कोळसा लागतो, असा आमचा ठोकताळा आहे. म्हणजे कोळसा ४०० मैल पुरतो आणि पाणी नव्वदीतच आटोपते. हे प्रमाण मुद्दाम ठरवलेले होते. जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्ये उत्तर वेल्समधील मोख्द्रे येथे रुळांच्या मधोमध पाण्याच्या पन्हळी टाकल्या, आणि पुढे धावत्या गाडीने टेंडरखालचा स्कूप (पाणी उचलणारे तोंड) सोडून हजारो लिटर पाणी काही सेकंदांत उचलणे ही नित्याची गोष्ट झाली. दक्षिण इंग्लंडच्या सदर्न रेल्वेने पन्हळी टाकल्याच नाहीत, म्हणून तिच्या मोठ्या टेंडरांत पाणी ५००० गॅलन आणि कोळसा अवघा ५ टन. आता पन्हळी सगळीकडून गेल्या, टेंडर मात्र त्याच मापाचे राहिले, आणि आम्ही टँकरची वाट पाहत बसतो.

निघायला माझी हरकत नव्हती, पण त्याचे कारण कंट्रोलपेक्षा वेगळे होते. या टेंडरमध्ये कोळसा आपोआप पुढे घसरावा म्हणून कोठ्याचा तळ आणि बाजू उतरत्या असतात, आणि त्या टाकीच्या वरच्या भागातली जागा खातात. त्यामुळे गेज अर्ध्यावर असले तरी पाणी निम्म्याहून जास्त असते. टाकीच्या दुरुस्तीनंतर मी स्वतः मोजपट्टी तयार केली होती. तिच्यानुसार आमच्याजवळ २२०० गॅलन होते. परतीच्या वाटेवर अ‍ॅपलबीला पाण्याचा क्रेन (इंजिनात पाणी भरायचा उंच नळ) आहे आणि तिथपर्यंतचे अंतर ३१ मैल. चौदाशे गॅलन पुरेसे होते.

ड्रायव्हरनी माझा हिशेब शांतपणे ऐकून घेतला आणि नकार दिला. "हा हिशेब चालत्या गाडीचा झाला. चढावर लाल सिग्नल मिळाला तर?" उभ्या इंजिनाचीही वाफ खर्ची पडते, सेफ्टी व्हॉल्व्ह उडतात, बॉयलरला पाणी पुरवणारा इंजेक्टर चालू ठेवावाच लागतो, बॉयलरची पातळी उतरून फायरबॉक्सचे, म्हणजे आगीच्या पेटीचे, छत पाण्याबाहेर उघडे पडले तर पुढचे बोलायलाच नको. त्यांच्या म्हणण्यात खोट काढता येत नव्हती. टँकर आला, टाकी काठोकाठ भरली, आणि आमची ठरलेली वेळ हुकल्यामुळे आम्ही एका मालगाडीच्या मागे निघालो.

पुढे नेमके तसेच घडले. त्या मालगाडीपायी आम्ही चढावर बराच वेळ लाल सिग्नलला उभे राहिलो, पुन्हा सुटताना चाके घसरली, आणि अ‍ॅपलबीला मोजपट्टीने फक्त १८०० गॅलन शिल्लक दाखवले. म्हणजे खर्च २२०० गॅलन. कार्लाइलला अर्ध्या टाकीत होते तेवढेच.

फायरमनच्या मते ड्रायव्हरनी गाडी वाचवली. माझे म्हणणे असे की वेळेवर निघालो असतो तर मालगाडी आमच्या मागे राहिली असती आणि तो लाल सिग्नल आम्हाला मिळालाच नसता. ड्रायव्हर यावर एवढेच विचारतात, की दुसरा कुठलाच सिग्नल लाल झाला नसता याची हमी मला कार्लाइलला कोणी दिली होती? कंट्रोलच्या अहवालात मात्र उशिराचे कारण म्हणून "इंजिन" असा एकच शब्द पडला. टँकरचा त्यात उल्लेखही नाही.