हार्लेममध्ये फोनियो

आज दुपारी न्यू यॉर्कमधल्या हार्लेमला 'टेरांगा'मध्ये जेवले. सेनेगलमधल्या डाकारचे शेफ पिएर थियाम यांनी २०१९मध्ये आफ्रिका सेंटरच्या इमारतीत हे रेस्टॉरंट सुरू केलं. बऱ्याच दिवसांनी बाहेर जेवून इतकं समाधान वाटलं.

मी फोनियो घेतला. राजगिऱ्याएवढे बारीक दाणे, वाफाळते, मोकळे, कुठे गोळा म्हणून नाही. वर रताळं घालून केलेली चवळी, म्हणजे सेनेगलचं न्दांबे. चवळी मुळात आफ्रिकेचीच, हे आपल्या लक्षातही नसतं! बाजूला आलं-मिरची लावून तळलेली केळी. बोटांना लागलेलं तिखटसुद्धा सोडवेना.

फोनियो हे पश्चिम आफ्रिकेतलं फार जुनं धान्य. हलक्या जमिनीत, कमी पावसावर दोन-अडीच महिन्यांत हाती येतं, शिजतं पाच मिनिटांत. पण फ्रेंच अमलात इंडोचायनातून, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या बाजूने, तुकडा तांदूळ येत गेला आणि शहरांतून घरची धान्यं मागे पडली. शिवाय फोनियो हाताने सडायचा म्हणजे बायकांचा जीव निघायचा.

थियाम यांनी 'योलेले' कंपनी काढली आणि हाच फोनियो अमेरिकेतल्या दुकानांत आणला. मला हे त्यांच्या स्वयंपाकाइतकंच मोठं काम वाटतं. शेफचं कौतुक करताना पिकवणाऱ्याचा विचार किती जण करतात? आपली वरई, राळा, नाचणी बघा ना, गरिबाचं खाणं म्हणून आपणच बाजूला सारलं.

न्यू यॉर्क-न्यू जर्सीच्या मंडळींनो, नक्की जा. शाकाहारी असाल तरी पोटभर मिळेल. मी फोनियोचं पाकीट आणलंय, रविवारी कढीपत्त्याची फोडणी घालून उपमा करणार आहे.