सोडसची सफरचंदं, आजीचं धोंडस

आमच्या घरी सफरचंद यायचं ते कुणीतरी आजारी पडलं की. दवाखान्यात भेटायला जाताना अर्धा किलो सफरचंदं आणि मोसंबी, ही ठरलेली पिशवी. प्रत्येक फळ पांढऱ्या जाळीच्या टोपड्यात बसवलेलं. पेशंट घरी आला की उरलेल्यातलं एखादं आमच्या वाट्याला यायचं, तेही एकाच्या आठ फोडी करून. त्यामुळे रॉचेस्टरला आल्यावर पहिल्याच ऑक्टोबरात नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका कुटुंबाने ‘शनिवारी सफरचंदं तोडायला येता का?’ असं विचारलं आणि परतताना आमच्या गाडीत नऊ किलोंची पिशवी आली, तेव्हा मला खरोखर प्रश्न पडला, आता आजारी कोण पडणार?

रॉचेस्टर न्यूयॉर्क राज्यात आहे, पण न्यूयॉर्क शहर इथून गाडीने साडेपाच तासांवर. (आई अजूनही ‘लेक न्यूयॉर्कला असते’ असंच सांगते. मी दुरुस्त करणं सोडलंय.) आमच्या उत्तरेला लेक ऑन्टॅरिओ. म्हणायला तळं, पण पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, आणि माझ्यासारखी कोकणातली बाई उगीचच खाऱ्या वाऱ्याचा वास घेत उभी राहते. या काठाने पूर्वेला गेलं की वेन काउंटी लागते आणि मग नुसत्या सफरचंदाच्या बागा. किमया त्या पाण्याची. वसंतात तळं गारच असतं, त्यावरून येणारा वारा झाडांना लवकर फुलू देत नाही, म्हणून उशिरा पडणाऱ्या हिमात मोहोर सापडत नाही. फॉलमध्ये, म्हणजे पानगळीच्या दिवसांत, उलट. उन्हाळाभर तापलेलं पाणी थंडी थोपवून धरतं आणि फळाला झाडावर चार दिवस जास्त मिळतात. थंडी पडली का, मोहोर टिकला का, हे बघत बसणाऱ्या देवगडच्या बागायतदाराला हे फार समजावून सांगावं लागणार नाही. अमेरिकेत सफरचंदाच्या पिकात वॉशिंग्टन राज्य पहिलं आणि न्यूयॉर्क बहुतेक वर्षी दुसरं, ते अशा बागांच्या जोरावर.

तिथल्या एका गावाचं नाव सोडस. पाटी वाचली आणि मी गाडीत मोठ्याने म्हणाले, “धोंडस!” म्हणजे आमच्या कोकणातला काकडीचा गोड केक. नवरा नागपूरचा. त्याला वाटलं मला काहीतरी चावलं.

बागेत शिकलेली पहिली गोष्ट म्हणजे सफरचंद ओढायचं नाही. तळव्यात धरायचं, वर उचलायचं आणि जरा पिळायचं. पिकलेलं असेल तर सुटून हातात येतं. ओढलं तर ज्या आखूड फांदीला ते लागलेलं असतं तिचा तुकडा निघतो, आणि पुढच्या वर्षीची कळी त्याच फांदीवर असते. दुसरी गोष्ट, सफरचंद ही एक जात नाही. मॅकिन्टॉश मऊ, आंबटगोड, शिजवलं की पार विरघळणारं. कोर्टलँड पांढरंशुभ्र, चिरून ठेवलं तरी लवकर काळं न पडणारं. ही जात इथून तासाभरावरच्या जिनिव्हाच्या संशोधन केंद्रात १८९८ साली तयार झाली. तिथूनच १९६६ मध्ये एम्पायर आली. हनीक्रिस्प मिनेसोटाची, खाताना कुर्रकन आवाज करणारी, आणि महाग. ती नुसती खावी. भाजायला वापरणं म्हणजे हापूसचं लोणचं घालण्यासारखं आहे.

नऊ किलोंतली तीन आम्ही खाल्ली. बाकीची गॅरेजमध्ये होती. अशात समोरच्या आजी दारात आल्या. सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या, बर्फ पडायच्या आधीच फावडं दाराशी आणून ठेवणाऱ्या. त्यांच्या हातात ॲल्युमिनियमच्या फॉइलचा आयताकृती ट्रे, आत सफरचंदाचा ब्रेड, अजून कोमट. नाव ब्रेड, पण आपण त्याला केकच म्हणू. वरची साल तडकलेली, दालचिनीचा वास, आत ओलसर. आम्ही तिघांनी उभ्याउभ्याच अर्धा संपवला.

आणि मग माझी खरी पंचाईत झाली. तो फॉइलचा ट्रे. रिकामं भांडं परत करायचं नसतं, हे आईने आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलंय. काही नसेल तर चिमूटभर साखर घाल, पण रिकामं देऊ नको. मी तो ट्रे घासून, पुसून, त्यात पातळ पोह्यांचा चिवडा भरून समोर नेऊन दिला. आजी बघतच राहिल्या. चिवडा त्यांना आवडला, पण ट्रे का परत आला ते कळेना. “अगं, तो टाकून द्यायचा असतो!”

तीन आठवड्यांनी दिवाळी. मी स्टीलच्या डब्यात चकल्या, बेसनाचे लाडू आणि करंज्या दिल्या. दोन दिवसांनी डबा परत आला. लख्ख धुतलेला. आत काही नाही. मी फोनवर आईला सांगितलं तर ती गप्पच झाली आणि मग म्हणाली, “एकटी आहे बिचारी, नसेल सुचलं.” मला बरेच दिवस जरा लागलेलं होतं, खोटं कशाला बोला.

इथल्या दुकानांत नोव्हेंबर लागताच फॉइलच्या छोट्या ट्रेंचे गठ्ठे दिसायला लागतात, नाताळच्या लाल-हिरव्या झाकणांसकट. ते बघताना एकदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ट्रे फेकून द्यायचा असतो तो मुद्दामच. घेणाऱ्याच्या डोक्यावर काही राहू नये म्हणून. भांडं परत करायचं नाही, म्हणजे कधी करायचं, काय घालून करायचं, याची चिंता नाही. आपला डबा नेमका याच्या उलट कामाला लागलेला. तो परत यावा, भरून यावा, पुन्हा जावा, आणि या निमित्ताने दोन घरांचं येणं-जाणं चालू राहावं. आजींनी डबा धुऊन दिला तो त्यांच्या हिशेबाने अगदी चोख व्यवहार होता. मला डबा जास्त पटतो, हे मी कबूल करते. पण डिसेंबरात पंधरा जणांना द्यायचं असतं तेव्हा फॉइलसारखं सुख नाही.

तर ब्रेड. कृती मी आजींकडून घेतली, पण पहिला प्रयत्न पुण्यातल्या नणंदेच्या सल्ल्याने केला. “१८० वर ठेव, पाऊण तास,” ती म्हणाली. मी ओव्हन १८० वर लावला. पाऊण तासाने काढलं तर आत पिठाचं कोमट सार. अजून अर्धा तास ठेवलं, तरी तेच. तिचा ओव्हन सेल्सियसचा, माझा फॅरनहाइटचा. १८० फॅरनहाइट म्हणजे ८२ सेल्सियस, त्यात फार तर दही लवकर खराब होईल. इथे ३५० लावायचं असतं.

दोन कप मैदा, म्हणजे साधारण २५० ग्रॅम. शक्य असेल तर वजनच करा, कारण डब्यात कप खुपसून भरला की सहज पन्नास ग्रॅम जास्त येतो आणि ब्रेड विटेसारखा होतो. त्यात एक छोटा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा सोडा, अर्धा चमचा मीठ, दीड चमचा दालचिनीपूड. मी वर जायफळ किसते, थोडं सढळ हाताने. दुसऱ्या भांड्यात दोन अंडी, पाऊण कप ब्राउन शुगर, अर्धा कप तेल, अर्धा कप दही. दह्याचा आंबटपणा सोड्याला जागं करतो. नुसतं दूध घातलं तर सोडा तसाच राहतो आणि साबणाची चव येते. ओलं कोरड्यात घालून उलथन्याने हलकेच कालवायचं, पीठ दिसेनासं होईपर्यंतच. इथे आपल्या हातांना आवर घालावा लागतो. फेटत राहिलं की मैद्याला चिवटपणा येतो. गुठळ्या राहिल्या तर राहू द्या.

शेवटी दोन मोठी सफरचंदं. आजी फोडी घालतात. मी एक मॅकिन्टॉश किसून घालते आणि एका कोर्टलँडच्या बारीक फोडी. किसलेलं विरघळून ओलावा देतं, फोडी दाताखाली येतात. आणि हो, किसाचं पाणी पिळायचं नाही. हे मी आजींकडून नाही शिकले, माझ्या आजीकडून शिकले.

कुडाळजवळच्या आमच्या आजोळी भाद्रपदात वेलावरची तवसं, म्हणजे मोठ्या काकड्या, दांडगी व्हायची, हातभर लांब, पिवळी पडलेली. आजी ती किसायची आणि सुटलेलं पाणी टाकायला गेलेल्या मावशीला ओरडायची, “गो, सगळी चव त्याच पाण्यात आसा!” भाजलेला तांदळाचा रवा त्याच पाण्यात फुगायचा. गूळ, ओलं खोबरं, काजू, वेलची, चिमूटभर मीठ. हळदीच्या पानांनी आतून मढवलेला टोप, चुलीवर मंद निखारा, झाकणावरही निखारे. झालं धोंडस. ओव्हन नाही, अंडं नाही, पण कल्पना तीच. अंगचं पाणी भरपूर असलेलं फळ किसायचं, धान्याने ते पाणी प्यायचं, वरखालून उष्णता द्यायची. सोडसची पाटी वाचून मी ओरडले ते उगीच नव्हतं, हे मला स्वतःलाही वर्षभराने कळलं.

साच्याला तूप-मैदा लावून मिश्रण ओतायचं. नऊ बाय पाच इंचांच्या साच्यात ३५० वर पंचावन्न ते साठ मिनिटं, फॉइलच्या छोट्या ट्रेमध्ये त्यातच तीन होतात आणि पस्तीस-चाळीस मिनिटांत. मधोमध काडी खुपसून कोरडी निघाली की झालं. वर चीर पडतेच, घाबरू नका. साल आधी बसते आणि आतलं पीठ नंतर फुगतं, म्हणून ती तडकते. आणि गरम असताना गुंडाळायचं नाही. आत वाफ धरते आणि तिसऱ्या दिवशी बुरशी. उलट एक रात्र जाऊ द्यावी, दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते.

याला इथे क्विक ब्रेड म्हणतात, यीस्ट नाही आणि पीठ फुगायची वाट बघणं नाही म्हणून. ढोकळ्याच्या भाषेत सांगायचं तर हा इनोवाला. सोडा बाजारात यायच्या आधी इथले लोक लाकडाच्या राखेवर भागवायचे. राख पाण्यात भिजवून ते पाणी आटवलं की पोटॅश, ती भट्टीत शुद्ध केली की पर्लॲश. आपल्या पापडखाराची सख्खी नाही तरी चुलत बहीण. अमेरिकेत दिलं गेलेलं पहिलं पेटंट, ३१ जुलै १७९० चं, ते याच पोटॅश-पर्लॲश करण्याच्या सुधारलेल्या रीतीसाठी होतं आणि त्यावर जॉर्ज वॉशिंग्टनची सही आहे. १७९६ साली हार्टफर्डला छापलेल्या अमेलिया सिमन्सच्या पाककृतींच्या पुस्तकात पर्लॲश घातलेले पदार्थ आहेत. आमच्या या भागात जंगल तोडून शेती करणारे पहिले लोक जाळलेल्या झाडांची राख विकून रोख पैसा करायचे. म्हणजे आधी राख, मग गहू, मग सफरचंद. ब्रेडचं सगळं सामान क्रमाक्रमाने इथेच तयार होत गेलं म्हणायचं.

डिसेंबरात मी साधारण पाच घाण्यांत पंधरा छोटे ब्रेड करते. लेकीच्या तीन शिक्षिका, ग्रंथालयातल्या बाई, शेजार, आणि आमचा पोस्टमन. त्याला पाकिटातून पैसे देता येत नाहीत, नियमच आहे. वस्तू मात्र एका वेळी २० डॉलरपर्यंतची चालते, तेव्हा ब्रेड निर्धास्त. अक्रोड मी घालत नाही. इथे सुक्यामेव्याची ॲलर्जी असलेली मुलं वर्गावर्गात असतात आणि शाळेत द्यायच्या खाऊवर आतलं सगळं सामान लिहून लावावं लागतं. पहिल्या वर्षी चिठ्ठीत मी ‘जायफळ’चं भाषांतर करायला विसरले आणि एका शिक्षिकेचा काळजीचा ईमेल आला.

यंदा एक नवीन भानगड. थँक्सगिव्हिंग, हा इथला मोठा सण, नेहमीच गुरुवारी असतं आणि या वर्षी, २०२५ मध्ये, २७ नोव्हेंबरला ते आणि मार्गशीर्षातला पहिला गुरुवार एकाच दिवशी आले. एका घरी टर्की, दुसऱ्या घरी महालक्ष्मीचा घट. मंडळातल्या एका वहिनींकडे हळदीकुंकवाला बोलावणं होतं आणि त्यांना काय न्यायचं म्हणून मी बिनअंड्याचा ब्रेड केला. दोन अंड्यांच्या जागी अर्धा कप सफरचंदाचा शिजवलेला गर, साखर न घातलेला, आणि अर्धा चमचा बेकिंग पावडर जास्त. दालचिनी काढून वेलची. जरा बसका होतो, पण त्यामुळे धोंडसाच्या अजूनच जवळ जातो. वहिनींच्या सासूबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला आणि विचारलं, “यात काकडी आहे का गं?” यापेक्षा मोठी पावती मला मिळायची नाही.

आज बुधवार. बाहेर सकाळपासून बर्फ पडतोय, समोरच्या आजींचं फावडं दाराशी आहे आणि त्यांचा फॉइलचा ट्रे मी दुपारीच देऊन आले. आता ओव्हनमध्ये उद्याच्या गुरुवारचा ब्रेड आहे, वहिनींसाठी. तो मी स्टीलच्या डब्यात नेणार आहे. डबा आईने दिलेला, झाकणावर माझं माहेरचं नाव कोरलेलं. संक्रांतीच्या आत तो परत येईल, आणि आत तिळाच्या वड्या असतील की गुळाची पोळी, याची मी आत्तापासूनच वाट बघतेय.