एकच आणीबाणी, दोन निकाल: बँकॉकचे पिवळे आणि लाल

ज्याची गर्दी मोठी तो बँकॉकमध्ये सरकार पाडतो, असं बरेच जण धरून चालतात. २००८, २०१० आणि २०१४ ची आंदोलनं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की हे पटत नाही. घोडं पेंड खातं ते एकाच ठिकाणी: पंतप्रधानाने आणीबाणी जाहीर केल्यावर लष्कर हलतं की नाही.

पिवळे म्हणजे थाकसिन शिनावातचे, म्हणजे २००६ मध्ये लष्कराने हटवलेल्या थायलंडच्या पंतप्रधानाचे, विरोधक. पिवळा हा सोमवारचा रंग, आणि राजा भूमिबोल सोमवारी जन्मले होते. लाल शर्टवाल्यांत थाकसिनचे समर्थक आणि २००६ च्या लष्करी उठावाने दुखावलेले लोक होते, त्यांतले बरेच उत्तर आणि ईशान्य भागातले. पिवळ्यांच्या हातात वाजवायला प्लॅस्टिकचे पंजे असत. लालवाल्यांनी त्याला उत्तर म्हणून प्लॅस्टिकचे पाय आणले.

सरकारच्या हाताशी तीन कायदे. २००८ चा अंतर्गत सुरक्षा कायदा सगळ्यांत सौम्य. त्याच्या वर २००५ चा आणीबाणीचा हुकूम: पाच किंवा त्याहून जास्त जणांच्या जमावाला बंदी करता येते, आणि कलम १७ नुसार सद्भावनेने आणि प्रमाणात कारवाई करणाऱ्या अधिकाऱ्यावर खटला चालत नाही. तिसरा १९१४ चा मार्शल लॉ. तो लष्कर स्वतः लावू शकतं, पंतप्रधानाला न विचारता. हा मुद्दा लक्षात ठेवा.

ऑगस्ट २००८ मध्ये पिवळ्यांनी पंतप्रधान कार्यालयाच्या आवारात तळ ठोकला. २ सप्टेंबरला थाकसिनच्या बाजूचे पंतप्रधान समक सुंदरवेज यांनी आणीबाणी लावली, पण लष्करप्रमुख अनुपोंग यांनी बळ वापरायला नकार दिला. नोव्हेंबरच्या शेवटी सुवर्णभूमी आणि डॉन म्युआंग हे दोन्ही विमानतळ पिवळ्यांच्या ताब्यात गेले. लष्करप्रमुखांनी उलट समक यांच्यानंतरचे पंतप्रधान सोमचाय यांनाच संसद विसर्जित करा असं सुचवलं. सोमचाय यांनी ते न मानता तिथे आणीबाणी लावली, तरी लष्कर हललं नाही. २ डिसेंबरला घटनात्मक न्यायालयाने सत्ताधारी पक्ष बरखास्त केला आणि दुसऱ्या दिवशी आंदोलक घरी गेले. २०१४ मध्येही तेच. पंतप्रधान यिंगलक या थाकसिनच्या बहीण. त्यांनी जानेवारीत आणीबाणी लावली, फेब्रुवारीत दिवाणी न्यायालयाने शांततेत बसलेल्यांवर बळ वापरायला मनाई केली. २० मे रोजी लष्करानेच मार्शल लॉ लावला आणि २२ मे रोजी सत्ता घेतली.

आता २०१० पाहा. हुकूम तोच, पण पंतप्रधान थाकसिनविरोधी अभिसित आणि समोर लाल शर्ट. ७ एप्रिलला आणीबाणी लागली, आणि १० तारखेला सैन्य फान फा पुलाजवळचा तळ उठवायला निघालं. या कारवाईला सरकारी नाव होतं ‘जागा परत मागणे’. ती दुपारी सुरू झाली आणि अंधार पडल्यावरही थांबवली नाही. गर्दी पांगवण्याच्या कामात याहून मोठी चूक नाही. अंधारात अश्रुधूर कुठे जातो ते दिसत नाही, गोळी कुठून आली ते कळत नाही, आणि माणसांना पळायची वाट सापडत नाही. खोक वुआ चौक आणि दिन्सो रस्त्यावर गर्दीच्या बाजूने काळ्या कपड्यांतले बंदूकधारी उतरले. ग्रेनेडने कर्नल रोमक्लाओ ठार झाले, वरचे अधिकारी जखमी झाले, आणि सैनिक चिलखती गाड्या रस्त्यातच सोडून मागे फिरले. त्या एका रात्रीत वीसहून जास्त माणसं गेली, त्यांत एक जपानी कॅमेरामनही होता.

तरीही वाट उघडी होती. ३ मे रोजी अभिसित यांनी १४ नोव्हेंबरला निवडणूक देऊ केली. लाल नेत्यांनी तत्त्वतः होकार दिला, पण उपपंतप्रधान सुथेप यांनी १० एप्रिलच्या मृत्यूंसाठी आधी पोलिसांसमोर हजर व्हावं, असं अडून बसले. त्यातच तडजोड बुडाली. माझ्या मते लाल नेत्यांची ही चूक फार महागात पडली.

राचप्रासोंगच्या मॉलपट्ट्यातला तळ म्हणजे बांबू आणि टायरांचे अडसर. टायर जाळायचे ते मुख्यतः धुरासाठी, नेमबाजांना समोरचं दिसू नये म्हणून. या वेळी सैन्य आत घुसलं नाही, आधी घेरा आवळला. पाणी-वीज तोडायला सुरुवात झाली, राचप्रारोप रस्त्यावर ‘थेट गोळीबार क्षेत्र’ असे फलक लागले. १९ मे रोजी नेत्यांनी शरणागती पत्करली, आणि त्यानंतर वाट पथुम वनाराम या बुद्धमंदिरात, जिथे बायका-मुलं आसऱ्याला गेली होती, सहा जण मारले गेले. त्यांत स्वयंसेवक परिचारिकाही होती. २०१३ मध्ये न्यायालयाने गोळ्या सैनिकांच्या होत्या असं नोंदवलं. त्या दोन महिन्यांत नव्वदहून जास्त माणसं मेली. अभिसित आणि सुथेप यांच्यावरचा खुनाचा खटला न्यायालयाने अधिकारक्षेत्र नाही म्हणून २०१४ मध्ये काढून टाकला.

२०२० च्या विद्यार्थ्यांनी ऑक्टोबरच्या मध्यापासून तळ ठोकणंच टाळलं. जागा ऐनवेळी टेलिग्रामवर जाहीर करायची, रात्र चढायच्या आत उठायचं. घेरा घालायला सैन्याला काही उरतच नाही. सरकारने मग मेट्रो स्थानकं बंद केली, रस्त्यांत मालवाहू कंटेनर आडवे लावले, पथुमवान चौकात निळं रसायन मिसळलेलं पाणी मारलं. आणि नंतर कलम ११२ काढलं: राजाच्या अवमानाच्या प्रत्येक आरोपाला ३ ते १५ वर्षं, आणि एकेका तरुणावर असे कितीतरी आरोप.